नोकरी मागायला नाही, माहिती घ्यायला जातोयस

चाकणच्या कंपनीतल्या क्वालिटीच्या सरांनी तुला वीस मिनिटं दिलीत, हेच खूप आहे. गेल्या गेल्या बायोडेटा पुढे करून ती वाया घालवू नकोस. बॅगेत एक प्रत असू दे, मागितली तरच काढ.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिचा वार्षिक अहवाल बीएसई-एनएसईच्या साइटवर फुकट मिळतो. सगळा वाचत बसू नकोस. 'मॅनेजमेंट डिस्कशन'चा भाग तेवढा वाच. धंदा कुठे वाढतोय आणि भीती कशाची आहे, ते तिथे सापडतं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांकडे आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्तेचं मानक) आणि पीपीएपी (उत्पादनाआधी सुटा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची पद्धत) हे शब्द हमखास निघतात. अर्थ ठाऊक असू दे, पण ज्ञान पाजळू नकोस.

प्रश्न पाच-सहाच ने. "कंपनी काय बनवते?" विचारलंस तर संपलंच. त्यापेक्षा "ग्राहकाकडून माल परत आला की पहिल्या दिवशी तुम्ही काय करता?" असं विचार. माणूस खुलतो. मी माझ्या वेळी थेट पगार विचारला होता. समोरचे साहेब हसले, पण येणारा चहा काही आला नाही!

निघताना "आणखी कुणाशी बोलू?" हे मात्र विचारच. माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रश्न तोच.

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही, तासभर आधी निघ. शॉपफ्लोअर दाखवलाच तर चप्पल चालणार नाही, बूट घाल. गेटवर दाखवायला ओळखपत्र ठेव. आणि त्याच संध्याकाळी दोन ओळींचा आभाराचा मेल टाक.