वाचक विचारतात : पंतप्रधान प्रश्नांना उभे का राहत नाहीत?

मागच्या अंकात अविश्वास ठरावावर चार ओळी लिहिल्या काय, पत्रांचा नुसता पाऊस पडला, आणि त्यातली निम्मी एकाच गोष्टीवर, की संसदेत पंतप्रधानांना प्रश्न विचारतात म्हणजे नक्की काय करतात. म्हणून या वेळचं सगळं सदर प्रश्नोत्तराच्या तासाला. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, तर कुणाचंच छापत नाही, सगळे सारखे.

प्रश्न : ब्रिटनचे पंतप्रधान दर बुधवारी अर्धा तास उभे राहून कुठल्याही प्रश्नाला उत्तर देतात, त्याच्या क्लिप्स मी आवडीने बघतो. आपल्याकडे असं का नाही? आपले पंतप्रधान उत्तर द्यायला बांधील नाहीत का?

बांधील आहेत, पण वेगळ्या पद्धतीने. राज्यघटनेच्या कलम ७५ नुसार अख्खं मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे, पण आपला प्रश्नोत्तराचा तास चालतो खात्यानुसार. मंत्रालयांचे पाच गट, प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार. पंतप्रधानांच्या अखत्यारीतली खाती, म्हणजे कार्मिक, अणुऊर्जा, अंतराळ वगैरे, लोकसभेत बुधवारी आणि राज्यसभेत गुरुवारी येतात, आणि त्यांची उत्तरं सहसा त्या खात्यांचे राज्यमंत्री देतात. तुम्ही शेतीचा प्रश्न पंतप्रधानांच्या नावाने पाठवलात तरी तो कृषी मंत्रालयाकडेच जाणार.

मग पूर्वी नेहरू सारखे उभे राहायचे असं म्हणतात ते? त्याचं साधं कारण म्हणजे १९४७ ते १९६४ परराष्ट्र खातं त्यांच्याचकडे होतं, त्यामुळे चीन, तिबेट, काश्मीर, सगळ्याला उत्तर त्यांनीच द्यायचं. अक्साई चीनमधून चीनने रस्ता काढलाय हे १९५९ च्या ऑगस्टमध्ये त्यांना लोकसभेत सांगावं लागलं, आणि मग खासदारांनी असा काही पिच्छा पुरवला की सप्टेंबरमध्ये चीनशी झालेला पत्रव्यवहार श्वेतपत्रिका काढून लोकांसमोर ठेवावा लागला.

आता ब्रिटनचं. पूर्वी मंगळवार आणि गुरुवार अशी पंधरा-पंधरा मिनिटं होती, टोनी ब्लेअर यांनी १९९७ मध्ये दोन्ही जोडून बुधवारचा अर्धा तास केला. पहिला प्रश्न ठरलेला, 'पंतप्रधानांचे आजचे कार्यक्रम काय आहेत?' आणि उत्तरही ठरलेलं, सकाळी सहकाऱ्यांशी बैठका झाल्या, दिवसभरात अजून होतील. हसू येतं ना? पण गंमत त्यातच आहे. कार्यक्रम कुठलेही असू शकतात, म्हणून त्याला जोडून येणारा उपप्रश्नही कशावरही असू शकतो, आणि तो पंतप्रधानांना आधी माहीत नसतो. विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न, तिसऱ्या मोठ्या पक्षाच्या नेत्याला दोन, बाकीचे चिठ्ठ्या टाकून. ब्लेअर यांनी नंतर आठवणींत कबूल केलंय की या अर्ध्या तासाची त्यांना चक्क धास्ती असायची.

पण तुम्ही क्लिप्स बघता त्या नेमक्या रंगलेल्या भांडणाच्या असतात हो. अख्खा अर्धा तास बघा एकदा. सत्ताधारी बाकावरचा एखादा खासदार उठतो आणि 'आमच्या सरकारने केलेलं काम उत्तम आहे हे पंतप्रधान मान्य करतील का' असं विचारतो, आणि पंतप्रधान मान्य करतात! ऑस्ट्रेलियात असल्या ठरवून विचारलेल्या प्रश्नांना 'डोरोथी डिक्सर' असं नावच पडलंय. तेव्हा मला विचाराल तर त्या पद्धतीचा खरा फायदा टीव्हीवर दिसत नाही, तो आदल्या दिवशी होतो, कारण कुठल्याही खात्याचा प्रश्न येऊ शकतो म्हटल्यावर प्रत्येक खात्याला आपली अडचणीची माहिती गुपचूप वर पाठवावी लागते, आणि जे एरवी पंतप्रधानांपर्यंत पोचलंच नसतं ते त्या भीतीपोटी पोचतं.

प्रश्न : परीक्षेसाठी हवंय, तारांकित आणि अतारांकित यातला फरक थोडक्यात सांगा.

तारांकित म्हणजे मंत्र्याने सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित म्हणजे लेखी उत्तर पटलावर, उपप्रश्न नाहीत. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित, राज्यसभेत १५ आणि १६०. प्रश्न पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. लोकसभेत तास अकराला सुरू होतो, राज्यसभेत २०१४ पासून बारा वाजता.

वीसपैकी प्रत्यक्षात जेमतेम पाच-सहाच पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरं लेखीच समजायची. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एके दिवशी लोकसभेत वीसच्या वीस झाले तर त्याची बातमी झाली, कारण असं १९७२ नंतर घडलंच नव्हतं. आणि याच्या उलटही झालंय, ३० नोव्हेंबर २००९ ला ज्यांचे प्रश्न होते त्यातले बहुतेक खासदारच गायब, मंत्री तयारीत बसलेले आणि विचारणारा कुणी नाही.

प्रश्न : खासदार फालतू बारीकसारीक प्रश्न का विचारतात? 'बेरोजगारीबद्दल सरकारचं धोरण काय' असं सरळ पंतप्रधानांना का विचारत नाहीत?

कारण ते नियमात बसत नाही! लोकसभेच्या कामकाजाचा नियम ४१ वाचा, वेळ काढून वाचण्यासारखा आहे. प्रश्न साधारण दीडशे शब्दांच्या आत हवा, त्यात युक्तिवाद नको, टोमणा नको, विशेषणं नकोत, मंत्र्याचं मत विचारायचं नाही, आणि शेवटी ही गोम आहे, एका उत्तराच्या आवाक्यात मावणार नाही इतका मोठा धोरणाचा प्रश्न विचारायचा नाही. म्हणजे ज्या धोरणाबद्दल आपल्याला कळायला हवं तेच थेट विचारायला मनाई.

सुरुवातीला मलाही हा नियम म्हणजे सरकारची पळवाट वाटायची. आता तसं वाटत नाही. 'धोरण काय' विचारलं की पंधरा मिनिटांचं भाषण मिळतं, 'अमुक योजनेत अमुक वर्षी किती पदं मंजूर होती आणि त्यातली किती भरली' असं विचारलं की आकडा द्यावा लागतो, आणि धोरण काय आहे ते त्या आकड्यावरून समजतंच. मधू लिमये हे या बाबतीतले उस्ताद, पुण्याचे पण बिहारमधून निवडून जाणारे, नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मुंदडा प्रकरण. १९५६ मध्ये एलआयसी स्थापन झाली आणि वर्षभरातच १९५७ मध्ये लोकसभेत एक साधा प्रश्न आला, की महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर्स बाजारभावापेक्षा जास्त दराने घेतले हे खरं का? विमा क्षेत्राच्या राष्ट्रीयीकरणाबद्दल एक शब्द नाही, धोरणावर टीका नाही, फक्त शेअर आणि भाव. उत्तर गुळमुळीत आलं, आणि तिथेच सगळं फसलं, कारण गुळमुळीत उत्तर म्हणजे उपप्रश्नांना आमंत्रण. पुढे फिरोज गांधींनी, म्हणजे खुद्द पंतप्रधानांच्या जावयाने आणि सत्ताधारी पक्षाच्याच खासदाराने, कागदपत्रं घेऊन ते प्रकरण सभागृहात धसास लावलं. रक्कम होती सुमारे सव्वा कोटी. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा आयोग बसला, चौकशी जाहीरपणे झाली, आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सुरुवात कुठून? एका फालतू बारीकसारीक प्रश्नातून.

प्रश्न : 'माहिती गोळा करण्यात येत आहे' हे उत्तर म्हणजे तोंडाला पानं पुसणंच ना?

बरेचदा हो. आपल्या विधानसभेची प्रश्नोत्तराची यादी कधी हातात घेतलीत का? प्रश्न असा असतो, '(१) अमुक पुलाचे काम रखडले आहे, हे खरे आहे काय? (२) असल्यास, चौकशी केली आहे काय? (३) असल्यास, कोणती कार्यवाही केली? (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' आणि समोरच्या बाजूला उत्तर, '(१) हे अंशतः खरे आहे. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.' त्या 'अंशतः' मध्ये पूल किती बुडालाय ते ज्याचं त्याने ओळखायचं.

पण संसदेत त्या वाक्याला एक शेपूट आहे जे लोकांना माहीत नसतं. 'माहिती गोळा करून पटलावर ठेवू', 'विचाराधीन आहे', 'मी लक्ष घालतो' असं मंत्री बोलला की ते आश्वासन म्हणून नोंदवलं जाऊ शकतं. १९५३ पासून लोकसभेची सरकारी आश्वासनांची समिती आहे, ती ही वाक्यं शोधून काढते आणि खात्याच्या मागे लागते, तीन महिन्यांत पूर्ण करा म्हणून. मुदतवाढ मागत मागत वर्षं जातात हे खरंय, पण फाईल बंद होत नाही. त्यामुळे मुरलेला अधिकारी उत्तर लिहिताना 'करू' हा शब्दच टाळतो, 'ही एक निरंतर प्रक्रिया आहे' असं लिहून मोकळा होतो.

प्रश्न : आणि धडधडीत खोटं उत्तर दिलं तर?

आपल्याकडे खासदार अध्यक्षांना लेखी कळवू शकतो की उत्तरात चूक आहे, मंत्री दुरुस्ती करू शकतो, मुद्दाम दिशाभूल केली असं वाटलं तर हक्कभंगाची नोटीस. बहुतेक नोटिसा पुढे सरकतच नाहीत ते सोडा.

ब्रिटनमध्ये मात्र एक पुढे सरकली आणि कुठल्या कुठे गेली. लॉकडाऊनच्या काळात पंतप्रधानांच्या कार्यालयात पार्ट्या झाल्याचा आरोप होता, त्यावर तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी डिसेंबर २०२१ मध्ये याच बुधवारच्या प्रश्नोत्तरांत सांगितलं की तिथे सगळे नियम पाळले गेले. जून २०२३ मध्ये हक्क समितीने म्हटलं की त्यांनी सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली. अहवालाचा निष्कर्ष कळल्यावर त्यांनी आधीच खासदारकी सोडली होती, नाहीतर ९० दिवस निलंबनाची शिफारस झाली असती. सभागृहाने ३५४ विरुद्ध ७ मतांनी अहवाल मान्य केला. म्हणजे पार्ट्यांपेक्षा पार्ट्यांबद्दलचं उत्तर महागात पडलं.

प्रश्न : एवढा गोंधळच होतो तर हा तास बंदच का करत नाहीत?

केलाय की. १९६२ च्या चीन युद्धात, १९७१ च्या युद्धाच्या वेळी, आणीबाणीत, आणि २०२० च्या पावसाळी अधिवेशनात कोविडमुळे. २०२० मध्ये लेखी उत्तरं येत होती, उपप्रश्न तेवढे गेले होते, म्हणजे दात काढून जबडा ठेवल्यासारखं.

प्रश्न : मी माझ्या खासदारामार्फत पंतप्रधानांना प्रश्न विचारू शकतो का? सोबत मसुदा जोडलाय, तपासून द्यावा.

विचारू शकता, खासदाराला पटलं पाहिजे एवढंच. अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्या, आणि आधी संसदेच्या वेबसाईटवर शोधा, याच विषयावर उत्तर आलेलं असलं तर त्यातल्या आकड्यापासून पुढे विचारा. तुमचा मसुदा वाचला. चारशेच्या वर शब्द भरलेत, त्यातले अडीचशेहून जास्त काढा. 'निर्लज्जपणे' तीनदा आलंय, तिन्ही काढा. 'पंतप्रधानांना काय वाटते' हे चालणार नाही. शेवटून दुसऱ्या ओळीत तुमच्या भागातल्या बंद पडलेल्या केंद्राला तीन वर्षांत किती निधी मंजूर झाला आणि किती खर्च झाला असं जे विचारलंय, तेवढंच ठेवा आणि पाठवून द्या.