कार्बन मिसळलेल्या पॉलिमरच्या थराला टोल्युइनची वाफ कशी कळते?

नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या रंग कारखान्यात वाफ ओळखणाऱ्या सेन्सरसाठी हा प्रश्न विचारलाय, म्हणून रंगातलं द्रावक टोल्युइनच धरू. दोन इलेक्ट्रोडवर पॉलिमरचा पातळ थर असतो, त्यात कार्बन ब्लॅक (काजळीसारखी बारीक कार्बनची पूड) किंवा नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) मिसळलेल्या. पॉलिमर वीज वाहत नाही. ती जाते एकमेकांना टेकलेल्या कार्बनमधून. वाफ मुरली की पॉलिमर फुगतो, कण दूर सरकतात, विजेला होणारा रोध वाढतो. तोच मोजायचा. हवा स्वच्छ झाली की थर पुन्हा आकसतो.

खरी गोम कार्बनच्या प्रमाणात. जेमतेम विजेची वाट जोडली जाईल एवढाच घाला. जास्त झाला तर थर फुगूनही आकडा फारसा हलत नाही.

टोल्युइनसाठी पॉलिआयसोब्युटिलीनसारखा अध्रुवीय, म्हणजे टोल्युइन शोषणारा पण पाणी न शोषणारा पॉलिमर घ्या. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल नकोच, आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेनेच तो फुगेल. टोल्युइन की त्याच्यासारखंच दुसरं द्रावक झायलीन, हे मात्र एकटा सेन्सर सांगत नाही. वेगवेगळ्या पॉलिमरचे चार-सहा एकत्र लावावे लागतात.