आधी तक्ता, मग क्रमांक

चि. मुलीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ऑलिम्पिक आणि एशियाडमधल्या भारतीय फुटबॉल संघावर लेख लिहायला घेतलास आणि १९५६ पाशी गाडं अडलं. एकीकडे वाचलंस की मेलबर्नला आपण चौथे आलो, दुसरीकडे वाचलंस की तिथे आपण एकच सामना जिंकलो. आता विचारतेस, यात खोटं कोण बोलतंय?

कोणीच नाही. दोन्ही खरं आहे. तू क्रमांक आधी वाचलास, म्हणून घोळ झाला. आधी तक्ता, मग क्रमांक. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. या पत्रात ते पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळलीस तरी वाच.

मेलबर्नचा तक्ता मांड. संघ अकरा. पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी होती. हंगेरीचं पथक ऑलिम्पिकला आलं, वॉटरपोलोचं सुवर्णही घेऊन गेलं, पण फुटबॉल संघ आला नाही. आपल्याला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबरला उपांत्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. ४ डिसेंबरला उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाकडून १-४ हरलो, ७ डिसेंबरला कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाकडून ०-३. म्हणजे तीन सामने, एक विजय, पाच गोल केले, नऊ खाल्ले. तुझा तो चौथा क्रमांक यातून आला.

लगेच दुसऱ्या टोकाला जाऊन ‘नुसतं नशीब’ असं लिहू नकोस. तसं लिहिणाऱ्यांनीही तक्ता पाहिलेला नसतो. ऑस्ट्रेलियाविरुद्ध मध्यंतराला २-२ अशी बरोबरी होती, सामना उत्तरार्धात जिंकलाय. नेव्हिल डिसूझांची त्यात हॅटट्रिक, ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूची पहिली. यजमान फक्त त्या दिवशी ढेपाळले म्हणावं, तर १२ डिसेंबरला सिडनीत त्यांच्याशीच मैत्रीपूर्ण सामना झाला आणि तो आपण ७-१ ने जिंकला. उपांत्य सामन्यातही पूर्वार्ध कोरा गेला. उत्तरार्धात पहिला गोल नेव्हिलनेच केला, आपण पुढे होतो. नंतर पंचवीसेक मिनिटांत चार गोल बसले, त्यातला शेवटचा आपलाच स्वयंगोल. नेव्हिलच्या नावावर स्पर्धेत चार गोल, सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्त पहिला. मूळचा गोव्यातल्या आसगावचा, खेळायचा मुंबईत टाटांकडून. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता, हे लेखात एका ओळीत यायला हवं. मराठी वाचकाला ते सांगावं लागू नये, पण हल्ली लागतं.

आता तक्ता कसा करायचा ते सांगतो. पान आडवं धर. डोक्यावर वर्ष, शहर, एकूण संघ आणि न आलेले संघ. खाली एका सामन्याला एक ओळ. पहिल्या रकान्यात तारीख, मग फेरी, प्रतिस्पर्धी आणि निकाल. निकालाच्या खाली बारीक अक्षरात मध्यंतराचा निकाल. मग गोल कोणी व कितव्या मिनिटाला. त्यापुढचे दोन रकाने बहुतेक लोक गाळतात आणि सगळं मर्म त्यांतच असतं: आधीच्या सामन्यानंतर विश्रांती किती दिवसांची, आणि हा प्रतिस्पर्धी स्पर्धेत शेवटी कुठवर गेला. कडेला संघाचा प्रकार लिही: वरिष्ठ, हौशी की २३ वर्षांखालचा. पुढे चाल मिळाली असेल तर तिलाही एक ओळ दे, पण ती विजयांत मिळवू नकोस. या एका चुकीने कितीतरी लेखांतल्या बेरजा बिघडल्यात.

‘प्रतिस्पर्धी शेवटी कुठवर गेला’ हा रकाना काय करतो बघ. १९५२, हेलसिंकी, युगोस्लाव्हियाकडून १-१०. हा आकडा आपल्याकडे लाज म्हणून सांगितला जातो. रकाना भर. तो संघ हौशी पोरांचा नव्हता. बोबेक, मिटिच, चायकोव्स्की, झेबेक असे देशाच्या मुख्य संघातले खेळाडू त्यात होते. झेबेकने आपल्यावर एकट्याने चार गोल चढवले. पुढच्या फेरीत याच संघाने सोव्हिएत संघाविरुद्ध ५-१ अशी आघाडी घेतली. ती घालवून सामना ५-५ केला हे खरं, पण फेरसामना जिंकला आणि शेवटी रौप्य नेलं. पूर्व युरोपातले खेळाडू कागदावर हौशी, प्रत्यक्षात पूर्णवेळ फुटबॉलपटू. पश्चिम युरोपला मात्र आपले व्यावसायिक खेळाडू पाठवता येत नव्हते. त्या काळची ऑलिम्पिक पदकं बहुतेक एकाच बाजूला का गेली ते यात आहे, आणि आपला एकमेव गोल अहमद खानने कोणासमोर केला तेही.

१९४८ चा लंडनचा सामना याच्या उलट. फ्रान्सकडून १-२. समोरचा संघ हौशी होता, पुढच्याच फेरीत ग्रेट ब्रिटनकडून ०-१ हरून परतला. सारंगपाणी रामनने बरोबरी साधून दिली होती, फ्रान्सचा दुसरा गोल अगदी शेवटी झाला. मधे आपण दोन पेनल्टी घालवल्या, एक शैलेन मन्नांनी, एक महाबीर प्रसादनी. या सामन्यावर लिहिणारे अनवाणी पायांवर परिच्छेदच्या परिच्छेद खर्च करतात. आठ जण अनवाणी खेळले, बरोबर. पण सामना गेला तो त्या दोन पेनल्टींमुळे. आणि अनवाणी म्हणून फिफाने १९५० च्या विश्वचषकातून काढलं, ही कथा तुझ्या लेखात दिसली तर मी पुढचं वाचणार नाही. संघ न पाठवण्याचा निर्णय आपल्याच संघटनेचा होता.

रोमबद्दल, १९६० बद्दल, माझा हट्ट आहे आणि तो मी सोडणार नाही. मेलबर्नला चौथे आणि रोमला गटात शेवटचे, म्हणून मेलबर्न मोठं असं सगळे धरून चालतात. तक्ता काढ. सोळा संघ, चार गट, पुढे चाल कोणाची नाही. हंगेरीकडून १-२, आणि हंगेरीने त्या स्पर्धेत कांस्य घेतलं. फ्रान्सशी १-१. प्रदीपकुमार बॅनर्जींनी ७१ व्या मिनिटाला गोल करून आघाडी दिली, फ्रान्सने ती ८२ व्या मिनिटाला फेडली. पेरूकडून १-३. हंगेरी आणि पेरूविरुद्धचे दोन्ही गोल तुलसीदास बलरामचे. तीनही सामन्यांत गोल केला, एकातही वाताहत झाली नाही. माझ्या मते आपल्या ऑलिम्पिक इतिहासातली सगळ्यात भक्कम कामगिरी ही, आणि तिच्यावर कोणी दोन ओळी लिहीत नाही, कारण क्रमांक दिसायला वाईट आहे. त्यानंतर आपला पुरुष संघ ऑलिम्पिकला पात्रच ठरलेला नाही.

आता एशियाड. १९५१ चं दिल्लीचं सुवर्ण: सहा संघ, तीन सामने. इंडोनेशियावर ३-०, अफगाणिस्तानवर ३-०, अंतिम फेरीत इराणवर १-०, गोल मेवालालचा. एकही गोल खाल्ला नाही हे ठळक लिही, आणि युद्धात सापडलेला कोरिया आलेला नव्हता हेही तितक्याच ठळकपणे. वर्गात पहिला आलेल्या मुलाला आपण विचारतोच ना, वर्गात मुलं किती होती?

१९६२ चं जकार्ताचं सुवर्ण वेगळ्याच वजनाचं. आठ संघ, आपले दहा दिवसांत पाच सामने. पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ गेला. मग थायलंडवर ४-१, जपानवर २-०, उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामवर ३-२ आणि ४ सप्टेंबरला अंतिम फेरीत त्याच कोरियावर २-१. बाहेर वातावरण तापलेलं. यजमानांनी इस्रायल आणि तैवानला प्रवेश दिला नव्हता, त्यावर आपले क्रीडा-पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि प्रेक्षक भारतीय खेळाडूंवर उलटले.

इथे तक्त्याला एक जोड-रकाना लागेल: कोण कोणत्या जागी खेळलं. जर्नेल सिंग मूळचा बचावफळीतला, मधला पहारेकरी. थायलंडविरुद्ध डोक्याला जबर मार बसला, टाके पडले. त्याला मागे ठेवून हेडर घ्यायला लावण्याऐवजी प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी उपांत्य आणि अंतिम सामन्यात थेट आघाडीला नेलं. त्याने दोन्ही सामन्यांत गोल केला. अंतिम सामन्यात १७ व्या मिनिटाला बॅनर्जी, २० व्या मिनिटाला जर्नेल. कोरियाचा गोल आला ८५ व्या मिनिटाला. म्हणजे दोन गोलांची आघाडी तासाभराहून जास्त राखली. आजारातून उठलेला थंगराज या सामन्यासाठी गोलमध्ये परतला होता. मधल्या फळीत फॉर्च्युनातो फ्रँको, गोव्याचा, नेव्हिलसारखाच टाटांकडून खेळणारा. ‘जिद्दीने जिंकले’ असं लिहिणाऱ्याला यातलं काहीच सांगावं लागत नाही, म्हणून तर ते वाक्य इतकं लोकप्रिय आहे.

मला लोक म्हणतात, तुमच्या तक्त्यांनी गोष्टीतली गंमत जाते. कोणती गंमत? रहीम सर त्या वेळी कर्करोगाने आजारी होते आणि पुढच्या जूनमध्ये गेले, एवढीच गोष्ट सांगितली की डोळे ओले होतात, पण त्या माणसाने मैदानावर काय केलं ते त्यातून कळत नाही. ते जर्नेलच्या जागेवरून कळतं. प्रदीपकुमार बॅनर्जी आणि जकार्ताचा कर्णधार चुनी गोस्वामी २०२० मध्ये गेले, फ्रँको २०२१ मध्ये, मेलबर्नचा कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी २०२२ मध्ये, बलराम २०२३ मध्ये. त्यांना ‘कसं वाटलं’ असं पुष्कळांनी विचारलं. ‘त्या कोपऱ्यावर कोण उभं होतं’ असं विचारणारे थोडे. याची चुटपुट मला लागून राहिली आहे, म्हणून तुझ्यामागे लागलोय असं समज हवं तर.

नावांचं सांभाळ. १९५६ च्या संघात बॅनर्जी दोन आहेत. ऑस्ट्रेलियावरचा चौथा गोल कुठे किट्टूच्या नावावर दिसेल, कुठे कृष्णस्वामीच्या, माणूस एकच. ब्रह्मदेश आणि म्यानमार एकाच देशाच्या दोन ओळी करू नकोस. आणि १९७० च्या बँकॉकचा रकाना नीट भर: अंतिम सामना बरोबरीत सुटून सुवर्ण दक्षिण कोरिया आणि ब्रह्मदेशाला विभागून मिळालं. आपण उपांत्य फेरीत ब्रह्मदेशाकडून हरलो आणि जपानला १-० हरवून कांस्य घेतलं. आपलं शेवटचं एशियाड पदक तेच.

पुढचं भरभर उरकलंस तरी चालेल. १९७४ ला तेहरानमध्ये चीनकडून १-७. १९८२ ला दिल्लीत (आपल्या एसटीच्या एशियाड गाडीला नाव मिळालं तीच स्पर्धा) गटात बांगलादेश आणि मलेशियाला हरवलं, चीनशी २-२ केलं आणि उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाच्या अगदी शेवटच्या गोलने बाहेर पडलो. १९८६ ला तिन्ही सामने हरलो, १९९० आणि १९९४ ला संघच गेला नाही.

२००२ पाशी मात्र पानावर जाड रेघ मार. तिथून एशियाडचं फुटबॉल २३ वर्षांखालच्या संघांचं झालं, वयाची सूट तीनच खेळाडूंना. रेघेच्या वरच्या आणि खालच्या क्रमांकांची तुलना करायची नाही. १९६२ चा चुनी आणि २०१० चा ग्वांगझूचा संघ एकाच आलेखावर चढवून ‘घसरण’ दाखवलेली दिसते. घसरण झालीच आहे, पण ती अशी मोजत नाहीत.

विश्रांतीच्या रकान्याचं मोल कळायला हांगझोऊ घे. नावात २०२२, झाली २०२३ मध्ये. दोन्ही वर्षं लिही, नाहीतर कोणीतरी दोन स्पर्धा मोजेल. आपला संघ १८ सप्टेंबरला संध्याकाळी तिथे उतरला आणि १९ ला चीनशी खेळला. मध्यंतराला १-१. गोलरक्षक गुरमीतने एक पेनल्टीही अडवली होती. उत्तरार्धात चार गोल बसले, १-५. हे पायांतलं त्राण गेल्याचं लक्षण. एशियाड फिफाच्या राखीव तारखांत येत नाही, त्यामुळे खेळाडू सोडायचं बंधन क्लबांवर नसतं, आणि इंडियन सुपर लीग २१ तारखेला सुरू होत होती. संघ शेवटच्या क्षणापर्यंत ठरत राहिला. तरी २१ ला बांगलादेशावर १-० केलं, २४ ला म्यानमारशी १-१, आणि बाद फेरीत २८ ला सौदीकडून ०-२. नुसतं ‘बाद फेरीत पराभूत’ लिहिलंस तर यातलं काय उरतं? त्याआधी २०१८ ला तर आपल्या ऑलिम्पिक संघटनेने आशियातल्या पहिल्या आठांत नाही म्हणून संघच पाठवला नव्हता. त्या वर्षासाठी कोरी ओळ ठेव आणि कारण लिही.

दक्षिण आशियाई स्पर्धांचा तक्ता स्वतंत्र कर, एशियाडमध्ये मिसळू नकोस. पुरुषांची सुवर्णं १९८५, १९८७ आणि १९९५ ची. महिलांची २०१०, २०१६ आणि २०१९ ची, ओळीने तीन. तुझ्या कच्च्या लेखात महिला संघाचं नाव नाही, ते का, हे मला पुढच्या पत्रात कळव.

आणि पक्कं लिहायला बसण्याआधी १९५८ च्या टोकियो एशियाडचं पान भरून पाठव. तिथेही आपण चौथेच आलो. पण सामने पाच झाले, हाँगकाँगवरचा ५-२ विजय जादा वेळेतला होता, आणि इंडोनेशियाशी गाठ दोनदा पडली, एकदा गटात आणि एकदा कांस्यपदकासाठी. ते पान मेलबर्नच्या पानाशेजारी ठेव आणि दोन चौथ्या क्रमांकांतला कोणता जड, ते कारणांसह लिही. माझं मत मी आधी सांगणार नाही.

तुझा,
काका