रीडिंग वर गेलं की खाली?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एफ.वाय. बी.एस्सी.ला आहे. बारावीला केमिस्ट्रीत ८९ मार्क होते, पण पहिल्या सेमिस्टरला जेमतेम पास झाले. प्रॅक्टिकलला माझं रीडिंग कधी जुळत नाही. ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनला (ॲसिडला किती परमँगनेट लागतं ते मोजायचं) सगळ्या बॅचचं ९.८ मिलिलिटर, माझं १०.४. शेवटी मीही जर्नलमध्ये ९.८ लिहिलं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एकही उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी मेजर केमिस्ट्री घेऊ की बॉटनी? बाबांचं म्हणणं, केमिस्ट्री असेल तरच कंपनीत नोकरी लागते.

उत्तर : आधी ते १०.४ बघू, मेजरचं नंतर. तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे आणि ती तू खोडून टाकलीस.

ब्युरेटच्या, म्हणजे परमँगनेट भरलेल्या खुणांच्या नळीच्या, नोझलमधून पडणारा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे ९.८ आणि १०.४ यांच्यात बारा थेंबांचा फरक आहे. ‘एंड पॉइंट (क्रिया पूर्ण होऊन रंग टिकतो तो क्षण) थोडा पुढे गेला’ म्हणून बारा थेंब जास्त पडत नाहीत, तसं झालं असतं तर फ्लास्कमध्ये फिकट गुलाबीऐवजी गडद जांभळं दिसलं असतं. तेव्हा चूक डोळ्यांची नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे.

आता पायलट, म्हणजे पहिलं अंदाजाचं रीडिंग सोडून तुझी तिन्ही रीडिंग आठव. १०.४, १०.४, १०.४ असं आलं असेल तर तुझा हात उत्तम आहे, फक्त एक चूक तू तिन्ही वेळा सारखीच करते आहेस. १०.४, ९.७, १०.१ असं आलं असेल तर हात अजून बसलेला नाही. हे दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी. सीबीआर, म्हणजे पुन्हा पुन्हा सारखं येणारं ब्युरेट रीडिंग, काढताना जुळलेलं तेवढं लिहून बाकीचं खोडलं, की कोणता आजार आहे तेच कळत नाही.

तिन्ही सारखी आली असं धरून चालू. रीडिंग वर नेणाऱ्या चुका कोणत्या? ब्युरेट पाण्याने धुतली, पण परमँगनेटने खळबळून घेतली नाही, तर भिंतीला राहिलेल्या पाण्याने द्रावण पातळ होतं आणि जास्त लागतं. मात्र याचा परिणाम पहिल्या भरणीला जास्त, पुढे कमी होत जातो. नोझलमधला हवेचा बुडबुडा मध्येच निघून गेला तर तेवढी जागा द्रावणाने भरते आणि ते वापरलं गेलं असं दिसतं. पण हे एकदाच होतं. कॉनिकल फ्लास्क ऑक्झॅलिक ॲसिडने धुतला तर पिपेटने मोजून घेतलेल्या १० मिलिलिटरमध्ये न मोजलेली भर पडते. फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा, आत पाणी राहिलं तरी बिघडत नाही, कारण ॲसिडचे मोल, म्हणजे ॲसिडचं मूळ प्रमाण, तेवढेच राहतात.

तिन्ही वेळा सारखंच वर गेलं असेल तर पहिला संशय फ्लास्कमध्ये घालायच्या सल्फ्युरिक ॲसिडवर घे. ते कमी पडलं, किंवा गरम न करता भराभर परमँगनेट सोडलं, की फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा येतो. तो मँगनीज डायऑक्साइड. ॲसिड पुरेसं असताना परमँगनेट पाच इलेक्ट्रॉन घेतं आणि त्याचं सममूल्य वजन, म्हणजे एका इलेक्ट्रॉनमागचं वजन, रेणुभार १५८ भागिले ५, म्हणजे ३१.६ येतं. गाडी मँगनीज डायऑक्साइडवरच अडली तर तीनच इलेक्ट्रॉन घेतले जातात, सममूल्य वजन ५२.६७ होतं, आणि तेवढ्याच ऑक्झॅलिक ॲसिडला जास्त परमँगनेट लागतं. तुझ्या फ्लास्कमध्ये तपकिरी झाक होती का, ते तुलाच माहीत. थिअरीच्या पेपरात हेच ‘सममूल्य वजन माध्यमानुसार का बदलतं’ म्हणून येतं, आणि मुलं ते पाठ करत बसतात.

सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक का नाही, हा व्हायवाचा ठरलेला प्रश्न. क्लोराइडचंच ऑक्सिडेशन होतं, त्यात परमँगनेट खर्ची पडतं, रीडिंग वर. नायट्रिक का नाही? ते स्वतः ऑक्सिडायझिंग, परमँगनेटचं थोडं काम तेच करून टाकतं, रीडिंग खाली. ६० ते ७० अंशांपर्यंतच का तापवायचं? उकळलं तर ऑक्झॅलिक ॲसिडचं विघटन होतं, रीडिंग खाली. ब्युरेटवर फनेल तसंच राहिलं आणि त्यातले थेंब मध्येच आत पडले, खाली. पिपेट ओली होती, खाली. पहिल्या एक-दोन थेंबांचा रंग जायला वेळ का लागतो? तयार होणारे मँगनस आयनच पुढची क्रिया वेगाने करतात आणि सुरुवातीला ते नसतात. इथे घाई केली की तपकिरी झालंच.

जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगाखाली ‘दक्षता’ असतात, सगळ्यांच्या सारख्या, कुणीच न वाचलेल्या. यापुढे प्रत्येक दक्षतेसमोर पेन्सिलीने ‘वर’ किंवा ‘खाली’ लिही आणि एका ओळीत कारण. एका प्रयोगाला अर्धा तास लागेल. व्हायवाची वेगळी तयारी मग फारशी उरत नाही.

कायनेटिक्सला, म्हणजे क्रियेचा वेग मोजण्याच्या प्रयोगांनाही हेच. मिथाइल ॲसिटेटच्या जलविघटनात अनंत वेळेचं, म्हणजे क्रिया पूर्ण संपल्यावरचं रीडिंग घ्यायला मिश्रण दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावं लागतं किंवा कोमट पाण्यात ठेवून क्रिया पूर्ण करावी लागते. बॅचला बसची घाई असते, मग तो आकडा शेजारच्याकडून येतो. तो खऱ्यापेक्षा कमी असेल तर लॉगच्या ग्राफवर सुरुवातीचे बिंदू सरळ रेषेत येतात आणि शेवटचे खाली वाकतात. तपासणाऱ्याला तो बाक लांबूनही दिसतो.

थिअरीसाठी एवढंच: न्यूमरिकल हाताने, एककांसकट सोडव. बारावीला पर्यायांवरून उत्तर ओळखायची सवय लागते, ती इथे नडते. पुढे आयआयटीत किंवा एनआयटीत एम.एस्सी. करावंसं वाटलं तर जॅम परीक्षा आहे, ६० प्रश्न, १०० मार्क, तीन तास. त्यातले २० प्रश्न, एकूण ३० मार्कांचे, पर्यायच नसलेले. आकडा स्वतः भरायचा. त्यांना निगेटिव्ह मार्किंग नाही, पण अंदाजाने उत्तर लागण्याचीही सोय नाही.

आता बाबांचं. कुरकुंभ, महाड, लोटे, तारापूर इथल्या औषध आणि रसायन कंपन्यांत केमिस्ट्रीवाल्यांना क्यूसीची, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागाची दारं उघडी असतात, हे खरं. पण ‘केमिस्ट्री म्हणजे नोकरी’ इतकं सरळ गणित नाही. क्यूसीत दिवसभर हेच करावं लागतं: वजन घे, द्रावण कर, टायट्रेशन किंवा एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) लाव, आकडा नोंदव. पेन्सिल आणि व्हाइटनर तिथे चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही, तारीख आणि कारण. १०.४ चं ९.८ करणं तिथे नोकरी घालवण्याइतकं गंभीर धरतात, कारण त्या आकड्यावर औषधाची अख्खी बॅच बाजारात जाते किंवा थांबते.

बॉटनी वाईट नाही. झाडं ओळखण्यात, सेक्शन कापण्यात तुझा जीव रमत असेल तर जरूर घे. फक्त रीडिंग जुळत नाही म्हणून पळून जायला घेऊ नकोस. तिथेही आकडे आहेत, क्लोरोफिलचं प्रमाण काढताना कलरीमीटर लागतोच.

मेजरचा फॉर्म भरायला अजून वेळ असेल. लॅब असिस्टंटला विचारून एखाद्या मोकळ्या दुपारी तेच टायट्रेशन पुन्हा कर. ब्युरेट परमँगनेटने दोनदा खळबळून घे, नोझल भरलंय का बघ, फनेल काढ. पिपेटला रबरी बल्ब लाव, तोंडाने ओढू नकोस. द्रावण गडद असल्याने रीडिंग वरच्या कडेचं घे, सुरुवातीचंही आणि शेवटचंही. एका वेळी सल्फ्युरिक सांगितलं तेवढं घाल, दुसऱ्या वेळी मुद्दाम निम्मं. गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांब. दोन्ही आकडे शाईने लिही. त्यांतला फरक कशामुळे पडला हे शोधत घरी जाताना एसटीतही डोकं त्यातच राहिलं, तर केमिस्ट्री घे. ‘सुटलो एकदाचे’ असं वाटलं, तर बाबांना हे पत्र दाखव आणि बॉटनीचा फॉर्म भर.