नेत्यावर भ्रष्टाचाराची केस झाली, तर शिक्षा होईल की सुटेल, हे आधी कसं ओळखायचं?

आमच्या कोल्हापुरात बिंदू चौकात चहाच्या गाड्यावर याचा निकाल रोज लागतो भावा. कुणी म्हणतं ‘आत जातोय’, कुणी ‘सेटिंग झालंय’. दोघंही कागद न बघता बोलतात.

अटकेचे फोटो बघून काहीच कळत नाही. आधी बघा, आरोपपत्र दाखल झालंय का. मग बघा, खटल्याला मंजुरी मिळाली का. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ नुसार ती लागते, आणि बऱ्याच केसेस तिथंच रुतून बसतात. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा ओळख नंबर, टाकला की पुढच्या तारखा आणि झालेले आदेश घरबसल्या दिसतात. साक्षीदार न तपासता नुसत्या तारखाच पडत असतील, तर लवकर निकालाची पैज लावू नका. तोवर साक्षीदार म्हातारे होतात, काही फितूर होतात.

खालच्या कोर्टाचा निकाल शेवटचा धरू नका. जयललितांना २०१४ मध्ये शिक्षा झाली, २०१५ मध्ये हायकोर्टानं सोडलं, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं शशिकला आणि बाकी आरोपींची शिक्षा पुन्हा कायम केली, पण जयललिता तोवर वारल्या होत्या, त्यामुळं त्यांच्यापुरती केस संपली. टू-जी स्पेक्ट्रम घोटाळ्याचा केवढा गाजावाजा, आणि २०१७ मध्ये खालच्या कोर्टात सगळे निर्दोष.

अपिलाला आता आपल्याला मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात आहे. माझा अंदाज विचाराल तर, आरोपपत्रात बँकेचे व्यवहार असतील तर शिक्षेची शक्यता जास्त. नुसते जबाब असतील तर सुटतोय.