वड लावताय? आधी ओळख पक्की करा

वड की पिंपळ, हा घोळ पानाच्या टोकाशी संपतो. पिंपळाला लांब शेपटी, वडाचं टोक बोथट आणि पान जाड, चामड्यासारखं. पारंब्यांवर मात्र विसंबू नका. वडाच्याच कुळातल्या नांद्रुक या झाडालाही त्या येतात, पण त्याचं पान बरंच लहान. वडाची लाल फळं देठाशिवाय, पानाच्या बगलेत जोडीने बसलेली दिसतील.

आपल्या गोव्यात चिऱ्यांच्या कुंपणात पक्ष्यांच्या विष्ठेतून रोपं उगवलेली असतात. तीच पावसात, मुळं न तोडता अलगद काढा आणि पिशवीत वाढवा. मनगटाएवढी फांदीही चालते: चीक सुकू द्या, जूनचा पाऊस स्थिरावला की रोवा. घर, विहीर, सोकपिट (सांडपाण्याचा शोषखड्डा) यांपासून खूप लांब हं! पहिले दोन उन्हाळे पाणी आणि गुरांपासून आडोसा हवाच. वटपौर्णिमेला कुणी कोवळ्या फांद्या तोडायला आलं, तर स्पष्ट नाही म्हणा.