कागद कोणत्या पायरीवरचा?

प्रिय मुली,

मुंबईचा गुंड मन्या सुर्वे याच्या शेवटाच्या पाच हकिकती तू जमवल्यास आणि आता विचारतेस, पाचांचा मेळ घालून एक सलग प्रकरण लिहू का? अजिबात नको. मुंबईच्या टोळ्यांचा इतिहास असल्या मेळानेच नासला, आणि तो नासवणारे आमच्या पिढीचे लिहिणारे होते. याची खंत आहे, म्हणून जरा कडक लिहितो.

प्रत्येक हकिकतीला एकच प्रश्न विचार : हिच्यामागचा कागद कोणत्या पायरीवरचा? एफआयआर ही पहिली खबर. पंचनामा ही जागेवर काय सापडलं त्याची नोंद. आरोपपत्र हे पोलिसांचं म्हणणं. निकालपत्र म्हणजे न्यायालयाला पटलेलं, आणि अपिलात तेही उलटतं. तुझं क्रियापद या पायरीवरून ठरायला हवं : 'आरोप होता', 'पोलिसांनी सांगितलं', 'सिद्ध झालं'.

११ जानेवारी १९८२ला वडाळ्यात मन्या पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, इतकं बिनधास्त लिही. पुढचं जपून. आरोपीच मेला की त्याच्यावरचा खटला संपतो, आणि पोलिसांच्या म्हणण्याची उलटतपासणी होत नाही. चकमकीत बहुधा खालच्या पायरीचा कागद उरतो, तोही एका बाजूचा. लखनभैया नावाच्या माणसाला पोलिसांनी मारल्याचं प्रकरण समोर ठेव. ११ नोव्हेंबर २००६ची ती चकमक खरी, हे पोलिसांचं म्हणणं. २०१३मध्ये सत्र न्यायालयाने ती बनावट ठरवून पोलिसांना जन्मठेप दिली, पण एका नावाजलेल्या अधिकाऱ्याला सोडलं. मार्च २०२४मध्ये उच्च न्यायालयाने त्यालाही दोषी ठरवलं, आणि त्यावरचं अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००६चं वर्तमानपत्र वाचून थांबलेला माणूस काय लिहून बसला असता?

तस्कर हाजी मस्तानबद्दल 'आणीबाणीत शिक्षा झाली' असं तू लिहिलंस. ती स्थानबद्धता होती. तिला खटला लागत नाही, म्हणून ती शिक्षा नव्हे. पुन्हा तेच : कागद कोणता?

शोधायचं कसं, तर टोपणनावाने शोधू नकोस. न्यायालयाच्या कागदात छोटा राजन हा राजेंद्र सदाशिव निकाळजे असतो. बडा राजन म्हणजे राजन नायर, तो वेगळाच माणूस. पूर्ण नाव, पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक आणि वर्ष हाती आलं की खटल्याचा क्रमांक सापडतो. सुरुवात उच्च न्यायालयाच्या अपिलाच्या निकालापासून कर. त्यात फिर्यादी पक्षाची सगळी हकिकत आणि साक्षीदारांची छाननी एका जागी मिळते. मग खालच्या न्यायालयात नकलेचा अर्ज. जुनी कागदपत्रं मुदत संपल्यावर नष्ट करतात, तेव्हा उशीर करू नकोस. वर्तमानपत्र घटनेच्या दुसऱ्या दिवसाचंच नको, निकालाच्या दुसऱ्या दिवसाचंही काढ.

मोक्काच्या, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९च्या कायद्याच्या, आरोपपत्रांवर लोक का तुटून पडत नाहीत, कळत नाही. तो लावायला मागच्या १० वर्षांत टोळीवर एकाहून अधिक आरोपपत्रं दाखल असावी लागतात आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते. म्हणजे टोळीचा मागचा माग पोलिसांनीच मांडून ठेवलेला असतो. मात्र कबुलीजबाबापाशी थांब. एरवी पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही. टाडात, म्हणजे १९९५ला संपलेल्या दहशतवादविरोधी कायद्यात, अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली चालत असे; मोक्कात उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली चालते. १२ मार्च १९९३च्या स्फोटांच्या खटल्यात अशा कितीतरी कबुल्या पुढे मागे घेतल्या गेल्या. कबुली उद्धृत केलीस तर ती मागे घेतली का आणि न्यायालयाने तरी धरली का, हे त्याच वाक्यात यायला हवं.

आणि गिरणी संपाने टोळ्या जन्मल्या, हे पालुपद पुरे. संप १८ जानेवारी १९८२चा. कुणावर त्याआधी काय गुन्हे नोंदले होते, ते काढ, मग बोलू.

असं लिहिणं कोरडं होतं, म्हणतात. होऊ दे. मेलेल्यांची घरं अजून याच शहरात आहेत. कुणाच्या मुलाला खुनी ठरवताना वाक्य रंगलं नाही तर काही बिघडत नाही. तुझ्यात चिकाटी आहे, म्हणूनच एवढं बोलतो.

मन्या तूर्त बाजूला ठेव. शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या खुनाचा खटला घे : खून मार्च २००७, टोळीप्रमुख अरुण गवळीला जन्मठेप २०१२, उच्च न्यायालयात कायम २०१९. तो उच्च न्यायालयाचा निकाल वाच, कोणत्या साक्षीदाराचं काय धरलं आणि काय नाकारलं याचा तक्ता कर, आणि मला पाठव.